मशीन किती खाली, किती वर?

किनाऱ्यावर कुणी फायबरची होडी घेतली की पहिला प्रश्न येतो, मशीन किती हॉर्सपॉवरचं? ते मागच्या फळीवर किती उंचीला बसवलं, हे मात्र कुणी विचारत नाही. बसवणाऱ्याच्या नजरेला पटलं की बोल्ट आवळले जातात. माझं म्हणणं असं, की ही उंची टेपने सुरू करावी आणि भर समुद्रात, जाळं-माणसं भरलेल्या होडीत पक्की करावी.

आउटबोर्डचे शाफ्ट साधारण १५, २० आणि २५ इंच उंचीच्या फळीसाठी येतात. तेव्हा आधी फळीच्या वरच्या कडेपासून तळापर्यंत मधोमध माप घ्या. २० इंची फळीवर १५ इंची मशीन चढवलं तर पंखा होडीच्या तळाआडच राहील, त्याला स्वच्छ पाणी मिळणार नाही.

पंख्याच्या वर एक आडवी, सपाट प्लेट असते. मेकॅनिक तिला कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात. पृष्ठभागावरची हवा पंख्यात ओढली जाऊ नये, हे तिचं काम. तळाला लांब सरळ पट्टी लावून ती मागे न्या. प्लेट त्या रेषेत किंवा इंचभर खाली असावी. तळ व्ही आकाराचा असेल तर मधल्या कण्यापासून मोजा.

आता पाण्यात उतरा. वळण घेताना इंजिनाचा आवाज एकदम चढला आणि होडी मात्र मंदावली, तर पंखा हवा खातोय, मशीन फार वर आहे. इतकं वर, की थंड करणारं पाणी ओढण्याची जाळीही उघडी पडू शकते. मागच्या बाजूने पडणारी पाण्याची बारीक धार तुटू लागली तर लगेच थ्रॉटल कमी करा, नाहीतर इंजिन तापेल. उलट मागे पाण्याचे फवारे उडत असतील, सुकाणू जड लागत असेल, तर मशीन जास्त बुडालंय आणि पेट्रोल पाणी कापण्यात जातंय. तेव्हा मशीन बोल्टच्या एकेक भोकाने वर घ्या आणि प्रत्येक वेळी पुन्हा चालवून पाहा. बऱ्याच मोठ्या मशीनना ही भोकं पाऊण इंचाच्या अंतराने असतात. पूर्ण थ्रॉटलला आरपीएम कंपनीने दिलेल्या मर्यादेत हवेत. अनेक फोर-स्ट्रोक मशीनना ती ५००० ते ६००० असते.

शर्यतीची बोट पंखा जवळजवळ पृष्ठभागावर ठेवते. आपल्याला पावसाळ्याच्या तोंडावर लाटांतून परतायचं असतं. लाटेच्या डोक्यावर पंखा उघडा पडला की होडीचा ताबा सुटतो. म्हणून मासेमारीच्या होडीला मी प्लेट तळाच्या रेषेपेक्षा अर्धा इंच खालीच राहू देईन, थोडा वेग गेला तरी चालेल.

आणि मशीन हलवल्यावर फळीतली जुनी भोकं उघडी सोडू नका. फळीच्या आत प्लायवूड असेल तर तिथून पाणी मुरतं, फळी आतून कुजते आणि वरून पत्ताही लागत नाही. सागरी सीलंट भरा, नव्या बोल्टभोवतीही लावा.