ग्रंथसूचीकडून ग्रंथशोधाकडे

जबलपूरजवळ नर्मदेवर असलेल्या बरगी धरणाच्या प्रकल्पाचे अधिकृत नाव राणी अवंतीबाई लोधी सागर असे आहे. केवळ अक्षरे जुळवणाऱ्या ऑनलाइन ग्रंथसूचीत ‘बरगी’ हा शब्द दिल्यास अधिकृत नावाने नोंदलेला अहवाल सापडत नाही. मग विस्थापितांच्या प्रश्नाचा अभ्यास अपुरा राहतो.

मराठीत ही अडचण दुहेरी आहे. १९६२ च्या लेखननियमांपूर्वीचे ‘कांहीं’ आणि आजचे ‘काही’ हे संगणकाच्या दृष्टीने भिन्न शब्द ठरतात. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची परिश्रमपूर्वक सिद्ध केली. अशा जुन्या नोंदी संगणकावर उतरवणे ही आधुनिकीकरणाची केवळ पहिली पायरी होय. पर्यायी नावांची जोडणी, लेखनभेद सामावून घेणारा शोध आणि विषय, लेखक व वर्षानुसार निवड या पुढील पायऱ्या होत.

न्यूझीलंडमध्ये विकसित होऊन २००० मध्ये वापरात आलेली ‘कोहा’ ही मुक्त संगणकप्रणाली परवाना शुल्काविना मिळते. त्यामुळे उपलब्ध निधी प्रशिक्षण व नोंदींच्या शुद्धीकरणाकडे वळवता येतो.

‘वाचकाचा वेळ वाचवा’ हे डॉ. एस. आर. रंगनाथन यांचे १९३१ मधील चौथे सूत्र. ग्रंथखरेदीवरील सार्वजनिक खर्च ग्रंथ वाचकाच्या हाती पडल्यावरच सार्थकी लागतो.