तुरा बघून फसलो: पिल्लू कोंबडा की तलंग?

मी वेळापूरहून बोलतोय. दिवसा लॅपटॉपवर कोड, संध्याकाळी आईच्या खुराड्यावर ड्युटी. मागून जो आवाज येतोय ना, तो आज एडिट करणार नाही. विषयच तो आहे.

गेल्या वर्षी आईनं खुडूक कोंबडीखाली अकरा अंडी बसवली. एकविसाव्या दिवशी नऊ पिल्लं निघाली. सगळ्यांना दाणा पुरवणं परवडेना, म्हणून ठरलं की कोंबडे विकायचे आणि तलंगा, म्हणजे अंड्यावर न आलेल्या कोवळ्या माद्या, ठेवायच्या. ओळखायचं काम मी अंगावर घेतलं. सहाव्या आठवड्यात चार पिल्लांचे तुरे मोठे दिसले. मी ठोकून दिलं, "हे चार कोंबडे!"

आई म्हणाली, "आरं, थांब की जरा." मी थांबलो नाही. तीन बाजारात गेले, एक शेजारच्या काकूंनी नेला. साडेचार महिन्यांनी काकू अंडं घेऊन दारात हजर. "तुझ्या कोंबड्यानं अंडं घातलंय बघ!"

सगळे हसले. आईसुद्धा. पण अंड्यांचे पैसे हे आमच्या घरात तिचे एकटीचे पैसे. कुणाला न विचारता खर्च करता येतात असे तेवढेच. बाजारात गेलेल्या तिघांत किती तलंगा होत्या, कुणास ठाऊक. तेव्हा मी नीट शिकलो. तेच सांगतो.

पहिली गोष्ट. टोकदार अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून कोंबडी निघते, हे खरं नाही. माणसात मूल मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, कोंबड्यांत ते आईकडून ठरतं. अंड्याच्या आकारावरून ते कळत नाही.

दुसरी गोष्ट. एक दिवसाच्या गावरान पिल्लाला नुसतं बघून ओळखता येत नाही. पंखांची पिसं बघून सांगतात, तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. ती युक्ती खास त्यासाठी तयार केलेल्या संकरित जातींतच चालते. विष्ठेची जागा उघडून ओळखायची पद्धत जपानमध्ये 1920-30 च्या दशकांत विकसित झाली. पण त्यासाठी खूप सराव लागतो. घरी करू नका, पिल्लू दुखावतं.

मग काय बघायचं? सहा ते आठ आठवडे हा नुसता संशयाचा काळ. कोंबड्याचा तुरा आणि गळ्याखालचे कल्ले लवकर लाल होतात, पाय जाड दिसतात. पण काही माद्यांचाही तुरा मोठा असतो. म्हणून एकाच घाण्यातली पिल्लं शेजारी शेजारी ठेवून तुलना करा. एकट्या तुऱ्यावर निकाल देऊ नका. मी दिला होता.

बारा आठवड्यांच्या पुढे पिसं बघा. संध्याकाळी पक्षी शांत झाला की हातात घ्या. मान आणि शेपटीच्या मुळाजवळची पाठ बघा. तिथली पिसं लांब, टोकदार, चकचकीत असतील तर कोंबडा. टोकाला गोल असतील तर तलंग. पुढे कोंबड्याच्या शेपटीत विळ्यासारखी वाकलेली पिसं येतात. एवढी एक खूण लक्षात ठेवलीत तरी पुष्कळ झालं.

आरवला म्हणजे कोंबडाच का? बहुतेक वेळा हो. पण कधी कधी कोंबडीही आरवते. कोंबडीचा सहसा डावाच अंडाशय काम करतो. तो आजारानं निकामी झाला तर ती अंडी थांबवते आणि कोंबड्यासारखी दिसायला लागते. लोक अशुभ म्हणून तिला लगेच कापतात. अहो, ती आजारी असू शकते. जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि आमच्या गावाशी जुळणारी एक गोष्ट. वेळापुरात अर्धनारीनटेश्वराचं जुनं देऊळ आहे. कोंबड्यांतही क्वचित एका बाजूनं नर आणि दुसऱ्या बाजूनं मादी असा पक्षी जन्मतो. स्कॉटलंडच्या रोझलिन इन्स्टिट्यूटनं अशा पक्ष्यांचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या शरीरातल्या पेशींना स्वतःचीच नर किंवा मादी अशी ओळख असते, असं त्यात दिसलं.

यंदा पुन्हा सात पिल्लं आहेत. दहावा आठवडा चालू आहे. आई विचारते, "काय रं, कोंबडं किती?" मी म्हणतो, "आई, अजून दोन आठवडे."

तुमच्या खुराड्यात कुणी फसवलंय का? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!