परतीची हवा



जैसलमेरपासून सुमारें ४० किलोमीटरांवर समच्या वाळूच्या टेकड्या आहेत. तेथें चारही चाकांना एंजिनाचा जोर मिळणारी गाडीदेखील रुतते. उपाय सोपा आहे: टायरमधील हवा ३२ पौंडांवरून १८ पौंडांपर्यंत उतरवावी, टायर पसरतो व वाळूवर तरतो. परंतु परततांना डांबरी रस्त्यावर तशाच टायरांनीं वेगानें निघाल्यास ते तापून फुटण्याचें भय असतें. म्हणून हवा पुन्हां भरण्याची सोय गाडींतच हवी.

काँप्रेसर घेतांना खोक्यावरील १५० पौंडांच्या आंकड्यास भुलूं नये. आपणांस ३५ पौंडही पुरतात. तो मिनिटाला किती लिटर हवा देतो आणि विश्रांतीवांचून किती वेळ चालतो, हें विचारावें. विजेच्या काँप्रेसरास बॅटरीपासून थेट जाड तारेनें, मध्यें फ्यूज घालून, वीज द्यावी. तो चालवितांना एंजिन सुरू ठेवावें. कित्येक हौशी लोक वातानुकूलनाचा जुना काँप्रेसर एंजिनाच्या पट्ट्यावर बसवितात. हवा भरपूर मिळते. पण त्याचें वंगण पूर्वीं शीतवायूबरोबर फिरत असे, तें आतां निराळें पुरवावें लागतें, आणि हवेंत मिसळलेलें तेल गाळावें लागतें. टाकी जोडल्यास सुरक्षा-झडप हवीच.

घरीं एकदां चारही टायर उतरवून पुन्हां भरून पाहा. मगच वाळूची वाट धरा.