महूचे दोन कप्तान
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



आम्हाला बोलायला सांगितले तेव्हा पहिला प्रश्न विचारला गेला तो असा, की तुम्ही क्रिकेटवर बोलणार ना? इंदूरमध्ये हे साहजिकच आहे. होळकरांचा संघ, सी. के. नायडू, मुश्ताक अली ही नावे आपल्या घरांत आजोबांच्या तसबिरींसारखी लटकलेली असतात. त्याला आमची ना नाही. पण आम्ही हॉकीची माणसे. आम्ही म्हणजे चार-पाचजण. दोघे सरकारी खात्यात उपयंत्री, एक शाळामास्तर, एक औषधांच्या दुकानातला आणि आमच्यात सर्वांत वडील असे एक काका, जे रेल्वेतून रिटायर झाले. रविवारी सकाळी पोहे-जलेबी झाली की आमची बैठक बसते आणि तिथे हॉकीशिवाय दुसरा विषय नसतो. बायका म्हणतात, आता तुमच्याशिवाय कोण बघतं हॉकी? त्याला आमच्याकडे उत्तर नाही. म्हणून आज तो विषय इथे आणला.

ध्यानचंदांवर आम्ही बोलणार नाही. त्यांचा वाढदिवस, 29 ऑगस्ट, पुष्कळदा गणेशोत्सवाच्या आगेमागेच येतो, शाळांतून भाषणे होतात, ती तुम्ही ऐकता. आपल्याकडे हॉकीची आठवण ध्यानचंदांपाशी सुरू होते आणि तिथेच संपते, हीच आमची तक्रार आहे. आम्ही बोलणार आहोत ते आपल्या दाराशी असलेल्या गावाबद्दल. इथून महू वीस-बावीस किलोमीटर. महू म्हटले की बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मगाव, हे कुणालाही सांगावे लागत नाही. पण याच गावाने भारताच्या हॉकी संघाला दोन कप्तान दिले. दोघांनीही कप्तान म्हणून देशासाठी सुवर्णपदक जिंकले. त्यांची नावे या सभागृहात किती जणांना ठाऊक आहेत? हात वर करायला सांगत नाही, सणाचे दिवस आहेत.

महूला हॉकी आली कुठून, हे आधी सांगतो. 1817 च्या डिसेंबरात महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, जानेवारी 1818 मध्ये मंदसौरचा तह झाला, आणि त्यानंतर इंग्रजांनी महूला छावणी बसवली. छावणी आली की परेडचे मैदान येते, आणि मैदान असले की संध्याकाळी गोरे शिपाई हॉकी खेळणार. ते बघून देशी पलटणी खेळू लागल्या, मग बाजारातली पोरे. झाशी, ग्वाल्हेरजवळचे मुरार, पुण्याजवळची खडकी, सगळीकडची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच. ज्या तहाने आपली सत्ता आटोपली, त्याच तहाच्या पोटातून हा खेळ आपल्याकडे आला. आमचे काका म्हणतात, व्याजासकट वसूल केला.

तर पहिले कप्तान किशनलाल. त्यांना सगळे दादा म्हणत. जन्म 1917, महूत. पोरवयात ओढ पोलोची. हॉकीची काठी हातात आली ती चौदाव्या वर्षाच्या सुमारास, म्हणजे आजच्या अकादमीच्या हिशोबाने उशिराच. महूच्या क्लबांतून खेळले, इथे इंदुरात कल्याणमल मिलच्या संघातून खेळले. आपल्यापैकी कितीतरी घरांतले आजोबा मिलमध्ये होते. भोंग्याच्या वेळा अजून पाठ असलेली माणसे आहेत, पण मिलच्या संघातून पुढे ऑलिंपिकचा कप्तान निघाला ही गोष्ट त्या घरांतून आम्हाला एकाच ठिकाणी ऐकायला मिळाली. नंतर ते रेल्वेत गेले. जागा राइट आउटची, उजव्या कडेने चेंडू घेऊन धावायचे आणि मध्ये द्यायचा. गोल दुसऱ्याच्या नावावर लागतो. विस्मरणात जायला ही जागा फार सोयीची आहे.

1948 साल डोळ्यांपुढे आणा. देशाला स्वातंत्र्य मिळून वर्ष होत होते. फाळणीने हॉकीचा संघही फाडला होता. 1936 ला बर्लिनमध्ये भारताकडून सुवर्णपदक जिंकलेले दारा 1948 ला लंडनमध्ये पाकिस्तानचे कप्तान म्हणून उतरले. म्हणजे जुना संघ उरलाच नव्हता, नवा बांधायचा होता. कप्तानी आली एकतीस वर्षांच्या किशनलालांकडे, उपकप्तान के. डी. सिंग बाबू. ऑस्ट्रियाला आठ गोल, अर्जेंटिनाला नऊ, स्पेनला दोन, उपांत्य सामन्यात हॉलंडला 2-1 असे जेमतेम हरवले, आणि 12 ऑगस्टला वेम्बलीवर अंतिम सामना. समोर ग्रेट ब्रिटन! स्वातंत्र्याच्या पहिल्या वाढदिवसाला तीन दिवस बाकी. पावसाने मैदान जड झालेले. कप्तान आणि उपकप्तान बूट काढून अनवाणी खेळले, असे त्या सामन्याच्या हकिगतींत येते. भारताने 4-0 ने जिंकले. बलबीरसिंगांचे दोन गोल, त्रिलोचनसिंग आणि जॅन्सन यांचा एकेक. स्वतंत्र भारताचे ते पहिले ऑलिंपिक सुवर्ण, आणि कप्तान आपल्या महूचा.

इंदूरकरांसाठी गमतीची गोष्ट म्हणजे, त्याच 1947-48 च्या मोसमात होळकर संघाने रणजी करंडक जिंकला होता. एका वर्षात इतके भाग्य! त्यातले रणजीचे आपण अजून सांगतो. दुसरे सांगत नाही. का, याचा विचार आमच्या बैठकीत पुष्कळदा होतो. शाळामास्तरांचे मत, की क्रिकेटच्या मागे दरबार होता, लिहिणारे होते, आणि हॉकीच्या मागे फक्त छावणी आणि मिल. आम्हाला हे बरेचसे पटते. काकांना अजिबात पटत नाही, ते म्हणतात, तुम्हा लोकांना ऐकायचेच नव्हते.

किशनलालांना 1966 मध्ये पद्मश्री मिळाली. 1980 मध्ये ते गेले. त्या वेळी आमच्यातला थोरला सोडला तर बाकीचे जन्मले तरी नव्हते किंवा पाळण्यात होते.

आता दुसरे कप्तान, आणि आमच्या बैठकीतले खरे दैवत. शंकर लक्ष्मण. जन्म 1933, महूत. सुरुवात फुटबॉलने केली. 1947 मध्ये शाळा सोडून फौजेत भरती झाले, तेही बँडवाला म्हणून. पलटण कुठली? मराठा लाइट इन्फन्ट्री! जिचे केंद्र बेळगावला आहे आणि जिची रणगर्जना छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाची आहे. माळव्यातला हा शेखावत राजपूत पोरगा मराठा पलटणीच्या बँडमध्ये गेला आणि तिथून गोलपोस्टमध्ये. आपल्या मंडळाच्या व्यासपीठावर यांचे नाव घ्यायला आणखी कुठला पुरावा हवा?

गोलकीपरबद्दल जरा थांबून सांगायला हवे, कारण आजची मुले टीव्हीवर बघतात तो गोलकीपर म्हणजे अंतराळवीर. डोक्याला हेल्मेट, तोंडावर जाळी, छातीला कवच, हातापायाला जाडजूड फोम. शंकर लक्ष्मणांच्या काळी पायाला पॅड आणि हातात मोजे. तोंड उघडे. डी च्या कडेवरून मारलेला तो टणक चेंडू कसा येतो, हे ज्याने मैदानाच्या काठावर उभे राहून एकदा तरी ऐकले आहे त्याला सांगायला नको. आम्ही ऐकले म्हटले, कारण तो दिसायच्या आधी फळीवर आदळलेला ऐकू येतो. आणि मैदान गवताचे, म्हणजे चेंडू कुठे उसळेल याचा नेम नाही. कृत्रिम मैदान ऑलिंपिकमध्ये आले ते 1976 ला. तोवर गोलकीपरचा भरवसा डोळ्यांवर, पायांवर आणि छातीवर.

1956, मेलबर्न. पाच सामन्यांत भारताने 38 गोल केले आणि भारतावर एकही झाला नाही. अंतिम सामन्यात पाकिस्तानवर 1-0 ने विजय, गोलपोस्टमध्ये शंकर लक्ष्मण. 1960, रोम. पुन्हा पाकिस्तान, पण या वेळी 0-1. 1928 पासून चालत आलेली सुवर्णपदकांची माळ त्या एका गोलाने तुटली. 1964, टोकियो. पुन्हा तेच दोन संघ, पुन्हा 1-0, मोहिंदर लाल यांचा गोल, पदक परत आपल्याकडे. आता हिशोब करा. आम्ही उपयंत्री आहोत, मोजमाप-पुस्तिका भरण्यात नोकरी चालली आहे, म्हणून आकड्यांशिवाय समाधान होत नाही. तीन ऑलिंपिक अंतिम सामने, प्रत्येकी सत्तर मिनिटांचे, समोर त्या काळचा सर्वांत तगडा प्रतिस्पर्धी, आणि तिन्हींत मिळून गोल खाल्ला एक. आपल्या फळीने तिन्हींत मिळून केले फक्त दोन. एक-एक गोलाने जिंकलेल्या सामन्यात पदक कुणी आणले म्हणायचे, गोल करणाऱ्याने की उरलेला वेळ तो एक गोल पुरवून ठेवणाऱ्याने? बैठकीत यावर दोन तट आहेत. आम्ही गोलकीपरच्या तटातले.

टोकियोचा अंतिम सामना 23 ऑक्टोबरला झाला. दसरा होऊन गेला होता, दिवाळी तोंडावर. त्याच मे महिन्यात नेहरू गेले होते आणि त्याआधी दोन वर्षे चीनचे युद्ध झाले होते. आमच्या बैठकीतल्या काकांच्या थोरल्या बहिणीने सांगितले, की घरात त्या दिवशी अनारशांचे तांदूळ भिजत होते आणि शेजारच्या वाड्यातून ओरडा ऐकू आला तेव्हा आईला वाटले की पुन्हा लढाई लागली. मग कळले, हॉकी जिंकलो. आक्कांचे वय आता पंचाऐंशीच्या पुढे. हॉकीतले त्यांना काही कळत नाही. गोलकीपर महूचा होता हे मात्र त्यांना ठाऊक आहे, कारण वडिलांनी त्या रात्री सगळ्यांना जेवताना सांगितले होते.

1966 च्या डिसेंबरात बँकॉकचे आशियाई खेळ. कप्तान शंकर लक्ष्मण, भारताच्या संघाचे नेतृत्व करणारे पहिले गोलरक्षक. 1958 आणि 1962 ला हॉकीचे सुवर्ण पाकिस्तानने नेले होते. या वेळी अंतिम सामना जादा वेळेत गेला आणि आपण 1-0 ने जिंकलो. आशियाई खेळांत भारताचे हे हॉकीतले पहिले सुवर्ण. दुसऱ्यासाठी 32 वर्षे थांबावे लागले. ते 1998 मध्ये आले, योगायोगाने बँकॉकलाच, आणि तेव्हाचा कप्तान होता खडकीचा धनराज पिल्ले. पुन्हा छावणीचेच गाव.

1964 मध्ये अर्जुन पुरस्कार, 1967 मध्ये पद्मश्री. 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी मात्र त्यांची निवड झाली नाही. त्या संघाला दोन-दोन कप्तान दिले गेले होते, आणि पदक आले ब्राँझ. यावर आमची काय मते आहेत ती गणपतीसमोर सांगण्याजोगी नाहीत. शंकर लक्ष्मणांनी हॉकी सोडली, फौजेतली नोकरी करत राहिले, 1979 मध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीतून कॅप्टन म्हणून निवृत्त झाले आणि महूला परत आले. बँडवाला म्हणून गेलेला मुलगा दोन्ही अर्थांनी कप्तान होऊन आला.

पुढची सत्तावीस वर्षे ते इथेच होते. इथून एका बसच्या अंतरावर. शेवटी पायाला गँगरीन झाले, पैशांची ओढ होती, आणि 29 एप्रिल 2006 रोजी ते गेले. लष्कराने इतमामाने निरोप दिला. 2006 मध्ये आमच्यातले बरेचजण नोकरीला लागलेले होते, तेव्हाचे पेपर आम्हाला आठवतात. ऑलिंपिकची दोन सुवर्णे आणि एक रौप्य घरात असलेला माणूस, आणि बातमीत पदकांपेक्षा औषधोपचाराचा खर्च मोठा.

ग्वाल्हेरचे थोडक्यात सांगतो, कारण तिथल्या पाहुण्या मंडळींपैकी काहीजण बसले आहेत. 24 फेब्रुवारी 2010 रोजी सचिनने पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यातले पहिले द्विशतक केले ते कॅप्टन रूपसिंग स्टेडियमवर, हे सगळ्यांना पाठ आहे. रूपसिंग कोण? ध्यानचंदांचे धाकटे भाऊ, ग्वाल्हेरचेच झालेले. 1932 ला लॉस एंजलिसमध्ये अमेरिकेवर 24-1 असा विजय मिळाला, त्यात ध्यानचंदांचे आठ गोल आणि या धाकट्याचे दहा. मैदानाला नाव हॉकीपटूचे, खेळ क्रिकेटचा. निदान नाव तरी आहे, म्हणून आम्ही ग्वाल्हेरकरांचा हेवा करतो. आणि झाशीच्या आपल्या मराठी घरातला तुषार खांडकर 2012 च्या लंडन ऑलिंपिकला खेळला, तेही जाता जाता सांगून ठेवतो. त्याला अजून विसरायची वेळ आलेली नाही.

आता आमची मागणी. पुतळा नको, चौकाचे नाव तर मुळीच नको, त्याची फाइल कशी फिरते ते आम्हाला आतून ठाऊक आहे. ज्यांनी किशनलालांना खेळताना पाहिले ते आता नव्वदीच्या घरात आहेत, ज्यांनी शंकर लक्ष्मणांना पाहिले ते ऐंशीच्या. आक्कांसारखी माणसे आपल्या प्रत्येक वाड्यात, प्रत्येक कॉलनीत एक-दोन असतील. मिलच्या संघाचा फोटो, एखाद्या स्पर्धेचा पास, पेपरातले कात्रण, मागे पेन्सिलने लिहिलेली नावे, असे काही ट्रंकेत असेल तर आम्हाला द्या. कायमचे नको, आम्ही मोबाइलवर फोटो काढून तिथेच परत देऊ. आठवण सांगायची असेल तर आम्ही घरी येऊ, चहा नसला तरी चालेल. औषधांच्या दुकानातला आमचा मित्र चांगले अक्षर असलेला एकमेव आहे, तो लिहून घेईल. विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारपासून संध्याकाळी सहा ते आठ, मंडळाच्या वाचनालयात, आमच्यापैकी एकजण बसलेला असेल.