अंगावर पिणारे बाळ आणि हगवण



मजुरीच्या दरावर बोलणाऱ्या माणसाने तान्ह्या बाळाच्या हगवणीवर काय बोलावे, असे काहींच्या मनात आले असेल. आम्ही वैद्य नव्हे. आमची शाळा सातवीतच सुटली. परंतु तीस वर्षे सोलापुरात विडी वळणाऱ्या स्त्रियांत वावरलो, आणि दर पावसाळ्यात हा विषय कोणत्या ना कोणत्या उंबरठ्यावर आमची वाट पाहत असे. म्हणून पुस्तके वाचली, डॉक्टरांना विचारले. तेच आपल्यापुढे ठेवतो.

आरंभ घरापासूनच करतो. 1979 साली आम्ही नऊ वर्षांचे होतो आणि धाकटी बहीण पाच महिन्यांची. आई घरीच विड्या वळी. श्रावणात बहिणीला जुलाब लागले. शेजारच्या आजी म्हणाल्या, "आईचं दूध बाधलंय, तोडा." आजींच्या मनात पाप नव्हते, त्यांच्या सासूने त्यांना हेच सांगितले होते. मूल रडे, आईचा पदर दुधाने भिजे, पण पाजायचे नाही. टाळू खोल गेली तेव्हा तिच्यावर तेलाचा बोळा ठेवला. तिसऱ्या पहाटे बहीण गेली. "माझ्याच दुधानं गेली," असे आई पुढे कित्येक वर्षे म्हणत राहिली.

ते खरे नव्हते. हगवण बहुधा अस्वच्छ पाणी, हात, बोंडले किंवा बाटली यांतून येते. जुलाबावाटे शरीरातले पाणी आणि क्षार निघून जातात. टाळू खोल जाते ती पाणी आटल्यामुळे. वरून तेल घालून ती भरत नाही. आणि त्याच वेळी आईचे दूध तोडणे म्हणजे विहीर आटत असता तिचा झराच बुजवणे होय. त्या दुधात पाणी आहे, अन्न आहे, रोगाशी झुंजणारी द्रव्येही आहेत. म्हणून हगवणीत ते तोडायचे तर नाहीच, उलट अधिक वेळा आणि अधिक वेळ पाजायचे. आईनेही पोटभर जेवावे. तिला पथ्याच्या नावाखाली उपाशी ठेवण्यात शहाणपण नाही.

मात्र प्रत्येक पातळ शी म्हणजे हगवण नव्हे. अंगावर पिणाऱ्या बाळाला पिवळी, पातळ, दाणेदार शी दिवसात अनेकदा होते, आणि बाळ खेळते, वाढते. नेहमीपेक्षा एकाएकी फार पाण्यासारखी, फार वेळा होऊ लागली तर सावध व्हावे.

अशा वेळी दुधाच्या जोडीला जलसंजीवनी. तिचा इतिहास आम्हांला फार मोलाचा वाटतो. 1971 साली बांगलादेशाच्या युद्धात बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली, शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपे भरली आणि रोग्यांच्या नातेवाइकांच्याच हाती पेले दिले. जेथे शंभरात तीसच्या घरात माणसे मरत होती, तेथे हे प्रमाण चाराच्याही खाली आले. आठ वर्षांनंतरही ती गोष्ट आमच्या गल्लीपर्यंत आली नव्हती, हे आमच्या मनातून जात नाही.

पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सबंध घालावी. अर्धी आज, अर्धी उद्या, किंवा सगळी एका पेल्यात, असे करू नये. दाट पाणी बाळाला अपाय करते. अंदाजाचे मीठ तर तान्ह्याला नकोच. प्रत्येक पातळ शीनंतर 50 ते 100 मिलिलिटर, वाटी-चमच्याने, सावकाश. ओकले तर दहा मिनिटे थांबून पुन्हा. चोवीस तासांनी उरलेले पाणी फेकावे. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला जस्ताची 20 मिलिग्रॅमची अर्धी गोळी आईच्याच दुधात विरघळवून रोज एकदा, चौदा दिवस देतात. जुलाब थांबले तरी मध्येच सोडायची नाही. शी बांधणारी औषधे बाळाला देऊ नयेत. मुंबईच्या गिरण्यांच्या काळात मूल निजून राहावे म्हणून कामगार आया अफूची बाळागोळी देत. पोटापायी काय करावे लागते पाहा!

आणि थांबायचे कोठे नाही, तेही सांगितले पाहिजे. बाळ दोन महिन्यांच्या आतले असेल, शीत रक्त असेल, ताप असेल, सारखी उलटी होत असेल, सहा तास लघवी नसेल, डोळे खोल गेले असतील, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली असता सावकाश परतत असेल, मूल मलूल होऊन पिईनासे झाले असेल, तर दवाखाना गाठावा. वाटेतही पाजत जावे.

आता आमच्या धंद्याची गोष्ट. 1961 च्या प्रसूतिलाभ कायद्याने कामावरच्या आईला मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्याची सवड दिली. पण जी घरी बसून हजारावर मजुरी घेते, तिला सवड कोण देणार? ती उठली की मजुरी बुडाली. तिच्या हाताला तंबाखूची पूड, मांडीवर सूप. पाजण्याआधी साबणाने हात धुवायचे म्हटले तरी विड्या मागे पडतात. शहाणपण सांगायला आम्हांला काय जाते!

दोन पावसाळ्यांपूर्वी पूर्वभागातल्या एका घरी गेलो होतो. चार महिन्यांच्या नातवाला जुलाब. सासूबाई म्हणाल्या, "अण्णा, दूध तोडलंय." आम्ही बहिणीची हकीगत सांगितली. त्या काही बोलल्या नाहीत. आशाताई पुडी घेऊन आल्या, समोर बसून पाणी करून दाखवले. सून बाळाला घेऊन आत गेली. तिचे सूप तसेच पडले होते. थोड्या वेळाने सासूबाईंनी ते स्वतःच्या मांडीवर ओढले आणि तेंदूची पाने कापायला घेतली. चौथ्या दिवशी गेलो तेव्हा बाळ हसत होते, सासूबाईंनी मात्र आमच्याकडे न पाहताच विचारले, "अण्णा, ती गोळी अजून किती दिवस?" आम्ही म्हणालो, "अजून दहा."