किनाऱ्यावरचे चार तास



सभेत बोलण्याची मला सवय आहे. पण ती कारखान्याच्या फाटकाशी, हातात कर्णा घेऊन. तेथे श्रोते उभे असतात आणि पाळीचा भोंगा झाला की वक्त्याचे वाक्य अर्ध्यावर सोडून चालू लागतात. आज आपण खुर्च्यांवर स्वस्थ बसलेले पाहून मला थोडी भीतीच वाटते आहे. शिवाय माझे शालेय शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढे जे चार शब्द कळले ते जहाजावर आणि नंतर आपल्या नगर वाचनालयात बसून कळले. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

चालकांनी मला विषय सुचविला तो 'ग्रीसच्या बेटांची सहल'. सुटीचे दिवस आहेत, लोकांना काही प्रवासाचे सांगा, असे त्यांचे म्हणणे. मी म्हटले, ती बेटे मी पाहिली आहेत खरी, पण तिकीट काढून नव्हे. १९९० नंतरची सहा वर्षे एका मोठ्या प्रवासी जहाजाच्या धोबीखान्यात मी चादरी धुतल्या. त्या माणसाने पाहिलेली बेटे चालत असतील तर बोलतो. चालकांनी होकार दिला. आता जबाबदारी त्यांची.

अशी सहल कशी असते ते आधी सांगतो. पायरीअस हे अथेन्सचे बंदर. संध्याकाळी जहाज तेथून सुटते, रात्रभर एजियन समुद्रातून चालते, आणि सकाळी प्रवासी खिडकीचा पडदा सारतो तो समोर एक बेट उभे. सहा-आठ तास बेटावर हिंडावे, संध्याकाळी परत यावे, जेवावे, निजावे. उजाडले की दुसरे बेट. आपल्याकडच्या आगबोटीतून ज्यांनी प्रवास केला आहे त्यांना यात फारसे नवल वाटणार नाही. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट एकेक बंदर घेत रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड अशी खाली जाई. फरक एवढाच, की आपला उतारू घरी जाण्यासाठी उतरे आणि तेथला उतारू पाहण्यासाठी उतरतो.

आणखी एक साम्य आहे, आणि ते मला जवळचे आहे. लहान बंदरांत मोठी आगबोट किनाऱ्याला लागत नसे. ती बाहेर उभी राही आणि पडाव तिच्या कुशीला जाऊन उतारू घेऊन येत. माझे वडील तरुणपणी अशाच एका पडावावर वल्ह्याला होते. पोर, बोचके, कोंबडी, नवी नवरी, सारे त्यांनी हातांवर झेलून पडावात घेतले. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणजे कमाईही बंद. पुढे १९८०च्या दशकाच्या अखेरीस ती बोटवाहतूकच संपली. पडाव माडाखाली उपडे पडले. वल्हेवाल्याचे पुढे काय, हे आमच्या घरी विचारायला कोणी आले नाही. तक्रार म्हणून सांगत नाही. पुढे एका गोष्टीशी याचा संबंध आहे म्हणून सांगतो.

मी जहाजावर लागलो तेव्हा पहिले दोन महिने मला एकही बेट दिसले नाही. धोबीखाना जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली. खिडकी नाही. दिवस की रात्र ते घड्याळ सांगे. बेटे मला प्रथम भेटली ती टॉवेलांतून. प्रवासी जहाजाचे टॉवेल घेऊन पुळणीवर जात, आणि संध्याकाळी ते ओले गठ्ठे आमच्याकडे येत. झटकले की वाळू पडे. मिकोनोसची वाळू फिकट, बारीक. सँटोरिनीची काळी. पहिल्यांदा ती काळी वाळू तळहातावर घेतली तेव्हा मला मांडवीचा काळा समुद्र आठवला. किल्ल्याच्या एका अंगाला काळा आणि दुसऱ्या अंगाला पांढरा, असे दोन समुद्र असलेल्या गावाजवळचा मी. मला ती बेटे एकदम ओळखीची वाटली.

किनाऱ्यावर उतरायची आमची पाळी लागे. पाळी आली तर चार तास, फार तर पाच. तेही सारे प्रवासी उतरून झाल्यावर. माझी पहिली पाळी आली ती सँटोरिनीला. डेकवर आमच्याच जिल्ह्यातले एक म्हातारे सारंग होते. चाळीस वर्षे समुद्रावर काढलेली. आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. ते म्हणाले, "पोरा, आधी परतीची शेवटची होडी किती वाजता ते विचार, मग बेट बघ." प्रवासावर मी पुढे पुष्कळ वाचले, पण याहून उपयोगी वाक्य मला सापडले नाही.

सँटोरिनी म्हणजे एका ज्वालामुखीचा उरलेला काठ. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी तो फुटला, मधला भाग समुद्रात गेला, आणि काठावर लोक पुन्हा घरे बांधून राहिले. मधले पाणी इतके खोल, की कित्येक जहाजे नांगर न टाकता यंत्राच्या जोरावर उभी राहतात. उतारूंना किनाऱ्यावर नेतात ते गावचे होडीवाले, आणि त्यांची स्वतःची संघटना आहे. होडीत पाय ठेवताना एका दणकट माणसाने माझे मनगट धरले आणि मला आत घेतले. नेमके मनगटच, पंजा नव्हे. ओला पंजा निसटतो. आमचे वडील असेच धरीत.

खालच्या धक्क्यापासून वरचे गाव सुमारे २२० मीटर उंच. जवळजवळ ६०० पायऱ्या. पूर्वी माणसे आणि माल खेचरांच्या पाठीवरून वर जात. १९८०च्या सुमारास तेथे दोरावर चालणाऱ्या पाळण्यांची सोय झाली. मी पैसे वाचविण्यासाठी पायऱ्या चढलो. वर एका खेचरवाल्याशी मोडक्या इंग्रजीत बोलणे झाले. मी विचारले, पाळणा आला तेव्हा तुमचा धंदा बुडाला असेल? तो म्हणाला, पाळण्याच्या उत्पन्नातला वाटा आम्हाला मिळतो. मला वाटले याला प्रश्न कळला नाही. नंतर मी ते पुस्तकांतून ताडून पाहिले, आणि ते खरे आहे. बेटावरच्या एका कुटुंबाच्या विश्वस्तनिधीने तो पाळणा उभारून दिला, आणि ज्यांच्या पोटावर त्याने पाय येणार होता त्यांचा वाटा उत्पन्नात ठेवला.

त्या पायऱ्यांवर मी किती वेळ उभा राहिलो, आठवत नाही. समोर पांढरी घरे होती, निळे पाणी होते, लोक छायाचित्रे काढीत होते. मला मात्र माडाखालचा उपडा पडाव दिसत होता. यंत्र येणारच, त्याला कोणी अडवू शकत नाही आणि अडवूही नये. खेचराच्या पाठीला तरी विसावा मिळाला. परंतु यंत्र आले म्हणून जुना माणूस वाऱ्यावर सोडलाच पाहिजे, असा निसर्गाचा नियम नाही. युनियनच्या कामाचा पहिला धडा मी तेथे शिकलो.

दुसरा धडा मात्र मला लाज वाटावी असा आहे. पुढचे बंदर होते ऱ्होड्सचे. त्या बेटावर एके काळी सूर्यदेवाचा प्रचंड पुतळा होता. जगातल्या सात आश्चर्यांत त्याची गणना होई. ख्रिस्तपूर्व २२६च्या सुमारास तो भूकंपात कोसळला. जुने तटबंदीचे शहर आणि सरदारांची दगडी गल्ली अजून उभी आहे. ते पाहण्याचा मला ध्यास लागला. पाळी माझी नव्हती. दापोलीकडच्या एका पोराची होती. वीस वर्षांचा मुलगा, नवा, भिडस्त. मी त्याला म्हटले, "तू अजून पुष्कळ वर्षे येशील, आज मला जाऊ दे." तो "जा की दादा" म्हणाला. मी गेलो, सारे पाहिले, परत आलो. तो इस्त्रीच्या यंत्रावर चादरी घालीत होता. "काय बघितलंत दादा?" मी तट सांगितला, गल्ली सांगितली, पुतळ्याची गोष्ट सांगितली. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "झाडं कसली होती?"

मला एकही झाड आठवेना. मी दगडच पाहत हिंडलो होतो. त्या पोराला चार महिन्यांत झाड दिसलेले नव्हते, आणि त्याच्या पाळीचे झाड मी नीट पाहूनही आणले नव्हते.

पुढच्या खेपेस मिकोनोसहून लहान बोटीने अर्ध्या तासावरच्या डेलोस बेटावर गेलो, तेव्हा मी मुद्दाम झाडे पाहत होतो. डेलोस ओसाड आहे. सगळीकडे पडलेले संगमरवर आणि वाळके गवत. ग्रीकांच्या पुराणाप्रमाणे अपोलो देव येथे ताडाच्या जातीच्या एका झाडापाशी जन्मला. कोरड्या पडलेल्या तळ्याच्या मध्यभागी त्याची आठवण म्हणून तसे एक झाड लावलेले आहे. ते मी डोळ्यांत साठवून घेतले आणि पोराला सांगितले.

पण डेलोसची दुसरी गोष्ट मी त्याला सांगितली नाही. ती आपल्याला सांगतो. बेट इतके पवित्र, की ख्रिस्तपूर्व ४२६ साली अथेन्सकरांनी तेथली थडगी उकरून हलविली आणि नियम केला, की या बेटावर कोणी जन्मू नये आणि कोणी मरू नये. अवघडलेली बाई आणि मरणाला टेकलेला माणूस पलीकडच्या बेटावर न्यावा. पुढे रोमन सत्तेच्या काळात हेच पवित्र बेट गुलामांची मोठी बाजारपेठ झाले. स्ट्रेबो नावाचा जुना भूगोलकार लिहितो, की एका दिवसात १०,००० माणसे उतरवून घेण्याची आणि विकून पाठविण्याची तेथे सोय होती. त्यांनाही जहाजातूनच आणले जाई. त्यांनीही ते बेट पाहिलेच असेल. सहलीला आलेला माणूस सिंहांचे पुतळे पाहतो; ते पाहण्यासारखेच आहेत. पण ज्या धक्क्यावर आपण उतरलो, तेथे पूर्वी कोण कोणत्या अवस्थेत उतरले, हे विचारल्यावाचून ते बेट पुरते पाहिले असे मला म्हणवत नाही.

त्यानंतरची मिकोनोसची माझी पाळी मी त्या पोराला दिली. आता फेड झाली असे मला वाटत होते. तो परत आला तेव्हा मी विचारले, "काय बघितलंस?" तो हसला. "काही नाही दादा. एका झाडाखाली झोपलो. जमीन हलत नव्हती ना!"

आज आपल्या जिल्ह्यातली कितीतरी मुले प्रवासी जहाजांवर जातात. त्यांच्या आईबापांपैकी काही येथे बसले असतील, म्हणून थोडे कायद्याचे बोलतो. किनाऱ्यावर उतरणे ही कप्तानाची मेहेरबानी नाही. २००६ सालच्या सागरी श्रम कराराने खलाशाच्या आरोग्यासाठी आणि स्वास्थ्यासाठी, कामाची गरज सांभाळून, किनाऱ्याची रजा देण्याचे बंधन घातले आहे. २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती, हेही त्यातच आहे. २०१३ पासून हा करार अमलात आला आणि २०१५ साली आपल्या देशानेही तो मान्य केला. तरीसुद्धा २०२० साली साथ आली तेव्हा सगळ्या जगाने दारे लावून घेतली, आणि कराराची मुदत संपूनही सुमारे ४ लाख खलाशी जहाजांवर अडकून पडले, असा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा अंदाज होता. किनारा समोर दिसत होता, पण उतरता येत नव्हते. तेव्हा मुलाला जहाजावर पाठविताना पगाराचा आकडा जितका निरखून वाचता, तितकीच विश्रांतीची आणि रजेची कलमेही वाचा.

आता शेवटचे, आपल्या गावाचे. आपल्या किनाऱ्यालाही परके पाय पूर्वीपासून लागत आले आहेत. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात कोकणपट्टीवरच्या बंदरांची नावे आहेत, आणि कार्ल्याच्या चैत्यगृहात यवनांनी दान दिलेले खांब आहेत. त्याच किनाऱ्यावर १८८६ साली ब्रह्मदेशच्या थिबा राजाला आणले. त्याला राहायला पुढे १९१० मध्ये राजवाडाही बांधून झाला, पण परतीची होडी काही मिळाली नाही. १९१६ साली तो येथेच वारला. उतरण्याइतकेच परत जाणेही माणसाच्या हातात असावे लागते.

भगवती बंदरावर प्रवासी जहाजे यावीत, अशी बोलणी आपल्याकडे अधूनमधून निघतात. २०१८ साली 'आंग्रिया' मुंबई-गोवा मार्गावर आली, फार दिवस टिकली नाही. पण पुन्हा कोणी येईल. जरूर यावे. मात्र आधी काही ठरवून ठेवू. ग्रीसने जुलै २०२५ पासून जहाजाने येणाऱ्या पाहुण्यांवर कर बसविला. सँटोरिनी आणि मिकोनोसला ऐन हंगामात तो माणशी २० युरो आहे. पाहुणा आला की गावाच्या पाण्यावर, रस्त्यावर भार पडतो, हे त्यांना उशिरा का होईना कळले. आपण आधीच शहाणे होऊ. उतारू किनाऱ्यावर आणण्याचे काम आणि त्यातला वाटा येथल्या होडीवाल्याचा, हे पहिल्या दिवशीच कागदावर यावे.

आणि एक विनंती आपणा सर्वांना. जहाज आले की प्रवासी टिळकांचे जन्मस्थान पाहतील, पतितपावन मंदिर पाहतील, थिबा राजवाडा पाहतील. त्यांना आपण सारे हौसेने दाखवू. पण त्यांच्या मागून, शेवटच्या होडीतून, साध्या कपड्यांतली चार-दोन माणसे उतरतील. कोणत्या देशाची असतील, सांगता येत नाही. त्यांच्याजवळ चार तास असतील. त्यांना काही दाखवायला जाऊ नका. एखादे चांगले सावलीचे झाड दाखवा, झोपू द्या, आणि परतीची शेवटची होडी किती वाजता सुटते, तेवढे मात्र सांगून ठेवा.