वस्तीच्या पोटातील घरे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



उत्सवाच्या दिवसांत हिशेबाचा विषय काढण्याची अनुमती आपण मला द्यावी. आपल्या सभागृहामागील मोकळ्या जागेचा प्रश्न येत्या सर्वसाधारण सभेपुढे यावयाचा आहे. ही वास्तू विकून शहराबाहेर विस्तीर्ण जागा घ्यावी, असे एक मत आहे. मागील जागेवर गरजूंसाठी लहान घरे बांधावीत, असे दुसरे. मी दुसऱ्या मताचा आहे; त्याची कारणे आपल्यापुढे ठेवतो.

गरिबाला घर देणे म्हणजे चार भिंती देणे, असा आपला समज असतो. वास्तविक घराचे मोल ते कोठे आहे यावर ठरते. पंधरा-वीस किलोमीटरवर फुकट मिळालेले घरही महाग पडते. कारण कामावर, रुग्णालयात, शाळेत जाण्याचे भाडे रोज मोजावे लागते. शिवाय माळावर नवा रस्ता, नवे नळ, नवी गटारे न्यावी लागतात आणि पिकाची जमीन जाते ती वेगळीच. शहराच्या पोटातील रिकामा तुकडा भरून काढला, तर हे सारे दाराशी आधीच हजर असते.

या विचाराचे सर्वांत दीर्घायुषी उदाहरण जर्मनीतील आउग्सबुर्ग शहरात आहे. याकोब फुगर नावाच्या धनाढ्य सावकाराने १५२१ साली तेथील गरजू कष्टकऱ्यांसाठी दानपत्र केले आणि ‘फुगराय’ ही वसाहत उभी राहिली. दुमजली घरे, प्रत्येक बिऱ्हाडाला रस्त्यावर उघडणारे स्वतंत्र दार, असा तिचा घाट. भाडे ठरले वर्षाला एक गुल्डेन. तेच आजही कायम असून चालू नाण्यात ते एका युरोहूनही कमी भरते. त्याखेरीज रहिवाशांनी रोज तीन प्रार्थना म्हणावयाच्या. संगीतकार मोझार्टचे पणजोबा गवंडी होते; त्यांनाही येथेच आसरा मिळाला. १९४४ च्या बॉम्बवर्षावात वसाहतीचा मोठा भाग जमीनदोस्त झाला. विश्वस्तांनी ती पुन्हा बांधली. इतकेच नव्हे, तर लगतच्या उद्ध्वस्त जागा घेऊन वाढविली. आज तेथे सुमारे दीडशे माणसे राहतात.

पाचशे वर्षे हे दान टिकले कसे? पहिले कारण, जागा विकण्याचा विचार विश्वस्तांनी केला नाही. दुसरे, डागडुजीचा खर्च भाड्यावर सोपविला नाही. तो मुख्यतः संस्थेच्या मालकीच्या अरण्यांच्या उत्पन्नातून निघतो. घर बांधून देणारे दाते पुष्कळ मिळतात. दर पावसाळ्यानंतर गिलावा दुरुस्त करणारे दान मात्र विरळा.

उलट बाजूचा अनुभव आपल्या मुंबईचा आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. हेतू चांगला होता. परंतु घरे पाडण्याचा वेग बांधण्याच्या वेगापेक्षा अधिक ठरला आणि उठविलेली माणसे शेजारच्याच वस्त्यांत दाटीने शिरली. कोणालाही न उठविता जी जागा भरता येते, तीच खरी पुण्याची जागा. आपल्यामागील जागेवर आज जुन्या खुर्च्या आणि मांडवाचे बांबू यांखेरीज कोणाचेही वास्तव्य नाही.

आता खर्चाचा प्रश्न. लॉरी बेकर हे इंग्रज वास्तुशिल्पी १९४५ साली कुष्ठरुग्णांच्या कार्यासाठी भारतात आले आणि पुढे तिरुवनंतपुरमला स्थायिक झाले. त्यांनी वापरलेल्या पद्धती आपल्यालाही साधण्यासारख्या आहेत. विटा कडेवर उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवली, की सुमारे चतुर्थांश विटा वाचतात आणि पोकळीतील हवेमुळे खोली उन्हाळ्यात कमी तापते. स्लॅबच्या खालच्या भागात काँक्रीटचे काम थोडे असते. तेथे जुनी मंगळुरी कौले बसविली, तर सिमेंटही वाचते. विटांच्या जाळीतून वारा व उजेड येतो आणि खिडकीच्या लाकडाचा खर्च टळतो. कमी खर्चाचे घर हे कमी प्रतीचे घर नव्हे, हे बेकर यांनी आयुष्यभर बांधून दाखविले.

आक्षेप मला ठाऊक आहेत. मोटारी कोठे लावावयाच्या? कार्याला जागा कमी पडेल. आणि एकदा आत आलेला मनुष्य बाहेर निघेल काय? शेवटचा आक्षेप खरा आहे. म्हणून प्रवेश ठराविक मुदतीच्या लेखी परवान्यानेच द्यावा, निवडीचे नियम फलकावर लावावेत आणि पदाधिकाऱ्यांच्या आप्तांना त्यात स्थान असू नये. बांधकामाच्या निधीबरोबरच दुरुस्तीचा कायम निधी वेगळा काढावा. तो जमेपर्यंत पायाही खोदू नये. नगरपालिकेचे नियम आणि मंडळाची घटना यांची छाननी आधी व्हावी. मोटारींविषयी एवढेच म्हणेन, की त्यांना वर्षातून दहा-बारा संध्याकाळी जागा लागते. माणसाला ती रोज रात्री लागते.

राहता राहिला प्रश्न, घरे कोणाला? उपचारांसाठी गावाकडून आलेले रुग्ण व त्यांचे आप्त, एकाकी पडलेले वृद्ध सभासद, हे तर आपलेच. परंतु निम्मी घरे या शहरातील कष्टकऱ्यांना, भाषा न विचारता द्यावीत, असे मी सुचवितो. केंद्र सरकारच्या नोकरीत बदलीच्या प्रत्येक गावी मला सरकारी क्वार्टर मिळाले. आपल्यांपैकी अनेकांना मात्र या शहरातील परभाषी घरमालकाने पहिली खोली दिली. त्या वेळी त्याने आपले गाव विचारले असेल, पण दार लावून घेतले नाही. पन्नास वर्षांचे हे ऋण समारंभाने फिटणारे नाही.

सभासदांनी येत्या सभेत मत देण्यापूर्वी मागच्या दाराने बाहेर जाऊन ती जागा एकदा डोळ्यांनी पाहावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.